माग कोणी वाचायचा?

मागच्या दिवाळीत एका विद्वान मित्राने मला एक इंग्रजी पुस्तक वाचावयास दिले. उत्तरेकडील थंड मुलखात बर्फ पडले म्हणजे त्यावर उमटलेली रानातल्या जनावरांची पावले कशी शोधावीत आणि कशी ओळखावीत, एवढाच त्याचा विषय. पुस्तक सुरेख होते. ससा उड्या मारीत जातो तेव्हा त्याचे मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात, म्हणून नवशिका माणूस त्याचा माग उलटा वाचतो. लांडगा मागचे पाऊल पुढच्याच ठशात ठेवीत सरळ रेषेत जातो आणि गावातले कुत्रे भरकटत जाते. असे कितीतरी त्यात होते. पुस्तक परत घेताना मित्र म्हणाले, “काय लोक आहेत हो! नाही तर आपण! आपल्याकडे ही विद्या आहे तरी कोणाला?”

मी गप्प बसलो. उत्तर मला ठाऊक होते. पण ते देण्याचा अधिकार मी त्याआधीच्या पौषात, आमच्या वाशीमच्या शिवारात, एका हरभऱ्याच्या धुऱ्यावर गमावला होता. ती हकीकत आता सांगितली पाहिजे.

वाशीमला बर्फ पडत नाही. परंतु निसर्गाने आम्हांला कोरा कागद दिलेला नाही, असे मात्र नाही. पावसाळा सरताना नाल्याकाठच्या काळ्या मातीचा चिखल हळूहळू आळत जातो आणि त्यात उमटलेले खूर मातीच्या भांड्यासारखे पक्के होऊन महिना महिना टिकतात. पुढे मार्गशीर्ष-पौषात पांदणीतली धूळ पिठासारखी मऊ होते. पहाटे तिच्यावर दव पडते आणि वरचा थर किंचित धरून बसतो. ह्या थराचे महत्त्व मला साठ वर्षे ह्या मुलखात काढूनही कळले नव्हते. ते मला एका फासेपारध्याने दाखविले.

त्या पौषात माझ्या शेजाऱ्याचा घाट्यावर आलेला हरभरा एका रात्रीत खाल्ला गेला. शेजारी कपाळावर हात मारून बसलेला. शेत रोह्यांनी खाल्ले की गावच्या मोकाट गुरांनी, हा प्रश्न वाचकांना किरकोळ वाटेल. शेतकऱ्याला तो किरकोळ नसतो. रोह्याने, रानडुकराने किंवा काळविटाने पीक खाल्ले तर सरकार नुकसानभरपाई देते. गावच्या गुरांनी खाल्ले तर देत नाही. तेव्हा सगळा खेळ त्या धुळीतल्या खुरांवर अवलंबून होता.

सकाळी सात-साडेसातच्या सुमारास तो म्हातारा पारधी पांदणीने चालला होता. त्याची पोरे माझ्या हाताखाली शिकलेली, म्हणून मला तो ‘गुर्जी’ म्हणतो. मी त्याला हाक मारली. त्याने शेतात पाऊल टाकले नाही. आधी धुऱ्यावरून एक चक्कर मारली, सूर्य समोर ठेवून दोन ठिकाणी उकिडवा बसला आणि मग म्हणाला, “गुर्जी, रोही व्हते. पाच. चार माद्या अन् एक नर. आले थे दव पडाच्या आंधी, गेले थे दव पडल्यावर.”

मी विचारले, “हे तुला रे कसे कळले?”

“अठी पाहा.” त्याने बोट ठेवले. शेतात येणाऱ्या खुरांच्या ठशांतही दवाचा तो पातळ थर धरलेला होता. परतणाऱ्या खुरांनी तोच थर फोडला होता आणि खालची कोरडी धूळ कडेला उधळली होती. गायीचा खूर रुंद आणि पुढे बोथट. हा खूर अरुंद, लांबट आणि टोकाशी निमुळता. धुऱ्यापाशी जनावर थबकले नव्हते; कुंपणाच्या काट्या न मोडता पलीकडे उडी पडली होती आणि जेथे पडली तेथे खूर खोल रुतून फाकले होते. गावची गाय काटीकुंपण रेटून आत शिरते. आणि शेताच्या कोपऱ्यावर पडीत जागेत लेंड्यांचा ढीग होता, त्यात जुन्याही होत्या आणि ताज्याही; कारण रोही पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन लेंड्या टाकतो. “हे काही आजचं नाय,” म्हातारा म्हणाला, “चार-पाच रातीपासून येऊन राह्यले.”

पाव तासात ह्या माणसाने एका रात्रीचा इतिहास सांगितला. प्रत्येक विधानाला पुरावा होता आणि तो पुरावा मला, एका निवृत्त शाळामास्तरालाही, दिसेल असा होता. ह्याला शास्त्र म्हणावयाचे नाही तर कशाला म्हणावयाचे?

आता पुढचे. शेजाऱ्याने त्याच दिवशी अर्ज दिला. वन, कृषी आणि महसूल ह्या तीन खात्यांची माणसे पाहणीस यावयाची होती. ती चौथ्या दिवशी आली. तोवर बघ्यांची पावले, शेळ्यांचे कळप आणि बैलगाडी त्या धुळीवरून फिरून गेली होती. आलेल्या तिघांपैकी एकालाही खूर ओळखता येत नव्हता. हे मी त्यांची निंदा म्हणून सांगत नाही. त्यांना ते कोणी शिकविलेच नव्हते. धुऱ्यावर बैलाचे खूर दिसले, ते लिहिले गेले. वन्यप्राण्याचा माग आढळला नाही, हेही लिहिले गेले. अर्ज निकालात निघाला.

आणि पारधी? तो त्या दिवशीही आला होता. शेजाऱ्यानेच त्याला बोलाविले होते. लेंड्यांचा ढीग आणि कोपऱ्यातले दोन चांगले ठसे त्याने पळसाची पाने टाकून झाकून ठेवले होते. पण गाडीचा आवाज आला तेव्हा मीच त्याला म्हणालो, “तू जा बाबा आता. वनखात्याची माणसे आहेत. तुला इथे पाहिले तर भलतेच काही व्हायचे.” तो काही बोलला नाही. उठला आणि नाल्याच्या अंगाने निघून गेला. मी चांगल्या हेतूने बोललो, असे मी पुष्कळ दिवस स्वतःस सांगत होतो. खरे असे की, त्या शेतातील एकमेव साक्षर माणसाला मी हाकलून दिले आणि तीन निरक्षरांच्या स्वाधीन तो कागद केला. पळसाची पाने उचलून दाखविण्याचे धैर्यही मला झाले नाही; कारण ‘हे कोणी झाकले?’ असा प्रश्न आला असता.

‘साक्षर’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरीत आहे. आम्हां वाशीमकरांना आपल्या गावच्या प्राचीनत्वाचा मोठा अभिमान. हे वाकाटकांचे वत्सगुल्म. १९३९ साली येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. महामहोपाध्याय मिराशी यांच्यासारख्या पंडितांनी तो अभ्यासिला आणि वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा इतिहास त्यामुळे नव्याने उजेडात आला. हे आम्ही व्याख्यानांतून सांगतो आणि सांगावेच. तांब्यावरची झिजलेली अक्षरे लावणाऱ्याला आम्ही पंडित म्हणतो. धुळीवरची, सूर्य दोन हात वर आला की पुसली जाणारी अक्षरे लावणाऱ्याला मात्र आम्ही संशयित म्हणतो. दोघांची रीत एकच आहे: तुटका पुरावा घ्यावयाचा, त्याचा मेळ घालावयाचा, दुसरा अर्थ संभवतो का ते पाहावयाचे आणि मगच बोलावयाचे. फरक एवढाच की, ताम्रपट चुकीचा वाचला तर दुसरा पंडित दहा वर्षांनी चूक दाखवितो. माग चुकीचा वाचला तर पारध्याच्या घरी त्या रात्री चूल पेटत नसे.

ही विद्या आपल्याकडे नेहमीच अशी उपेक्षित होती असेही नाही. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला त्यात दख्खनमधल्या गावच्या जागल्याचे वर्णन आहे. चोरी झाली की पावले ओळखून चोराचा माग काढणे हे त्याचे काम. माग दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन तेथल्या जागल्याची खात्री पटविली की ह्याची जबाबदारी सुटे आणि त्याची सुरू होई. शेवटी माग ज्या गावात जाऊन थांबे त्या गावाने चोरीची भरपाई करावयाची. विचार करा: धुळीतल्या पावलांवर दोन गावांचा न्याय तोलला जात होता आणि तो वाचणारा माणूस अक्षरशत्रू असला तरी त्याचा शब्द प्रमाण होता. आपल्या भाषेत ‘माग काढणे’, ‘माग लागणे’, ‘मागमूस नसणे’ हे प्रयोग उगाच आलेले नाहीत. शब्द आपण ठेवून घेतले. माणूस टाकून दिला.

टाकून दिला म्हणजे कसा, तेही पाहू. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याची व्याप्ती देशभर पसरविली. जन्मालाच गुन्हा ठरविणारा हा कायदा स्वतंत्र भारताने १९५२ साली रद्द केला. परंतु सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे त्याच्या जागी आले आणि मुंबई राज्याने तसा कायदा १९५९ साली केला. कागदावरून जमात पुसली गेली, फौजदाराच्या मनातून गेली नाही. मग १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. कायदा आवश्यक होता, ह्याविषयी माझ्या मनात शंका नाही. काळवीट आणि तणमोर आज थोडेफार शिल्लक आहेत ते त्याच्यामुळे. पण फासा हातातून काढून घेताना, ज्या ज्ञानाने तो फासा नेमक्या जागी लागत होता त्या ज्ञानाचे काय करावयाचे, हा प्रश्न कोणी विचारला नाही. माणसाचा धंदा गुन्हा ठरला आणि त्याची विद्या त्या गुन्ह्याचा पुरावा ठरली.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा की, माग वाचण्याचे दिवस सरले. शास्त्रज्ञांनीच ते सोडून दिले. वाघांच्या पंजांच्या ठशांवरून केलेली देशव्यापी गणना १९७२ साली झाली आणि १८२७ हा आकडा निघाला. सरोजराज चौधरी यांनी रूढ केलेल्या ह्या पद्धतीवर पुढे उल्हास कारंत यांच्यासारख्या संशोधकांनी कठोर टीका केली. पिंजऱ्यातल्या मोजक्या वाघांचे ठसे जाणत्या म्हणविणाऱ्यांपुढे ठेवले, तर किती वाघ आहेत हे त्यांना नीट सांगता आले नाही. २००५ साली राजस्थानातील सरिस्काचे वाघ नाहीसे झाल्याचे उघड झाले; कागदावरचे वाघ मात्र त्याआधीपर्यंत सुखरूप होते. तेव्हापासून स्वयंचलित कॅमेरे आले आणि ठीकच झाले. परंतु येथे हरले कोण? प्रत्येक ठशावरून प्रत्येक वाघाला नाव देता येते, हा अवास्तव दावा हरला. आणि आकडा वाढता दाखविण्याची कचेरीतली हौस हरली. कोणते जनावर, कोणीकडून आले, केव्हा आले, कोणीकडे गेले, ह्या प्रश्नांना माग आजही उत्तर देतो. कॅमेरा झाडाला बांधावयाचा तो कोणत्या वाटेवर, हेही आधी माग पाहूनच ठरते! शिवाय कॅमेरे लागतात ते वाघांच्या जंगलात. आमच्या हरभऱ्याच्या धुऱ्यावर कोण कॅमेरा लावणार आहे? २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ सुमारे १३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यात पट्टा होता म्हणून जगाला ते कळले. पट्टा नसलेली जनावरे रोज शिवार ओलांडतात. त्यांची बातमी धुळीतच असते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. पारधी शिकार करतात, वाघांच्या चोरट्या शिकारीतही त्यांच्यापैकी काही जण सापडले आहेत. अशांच्या हाती चोराने तिजोरीची किल्ली द्यावी तसे जंगल द्यावयाचे काय? काही जण सापडले आहेत, हे खरे आहे आणि ते लपविण्यात अर्थ नाही. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? ज्ञान बाजारात असते; शासन ते विकत घेत नाही म्हणून कातडीचा व्यापारी घेतो. किंमतही तो फार देत नाही. फक्त दुसरे कोणी गिऱ्हाईक नाही, एवढाच त्याचा फायदा. मध्य प्रदेशातील पन्ना येथे पारध्यांची तरुण मुले आज पाहुण्यांना रान दाखवीत हिंडतात. आणि दूर कशाला, आमच्याच अकोला-वाशीम भागात काही फासेपारधी कुटुंबांनी ‘संवेदना’ ह्या संस्थेच्या सोबतीने फासे बाजूला ठेवून माळरान आणि तणमोर राखण्याचे काम अंगावर घेतले. तणमोर कोठे उडी मारतो, अंडी कोठे घालतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? ज्याने पिढ्यान्‌पिढ्या धरले तोच राखू शकतो, हे येथे सिद्ध झाले आहे. सिद्ध झालेले व्यवहारात का येत नाही, एवढाच प्रश्न आहे.

इतर देशांत ते आले आहे. बर्फाचीच गोष्ट घ्या. फिनलंडमध्ये १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून दर हिवाळ्यात रानात आखलेल्या त्रिकोणांवरून माणसे चालतात. प्रत्येक बाजू चार किलोमीटर. वाट ओलांडून गेलेले माग जनावरवार मोजावयाचे. फॉर्मोझोव्ह ह्या रशियन संशोधकाने १९३२ साली मांडलेला विचार असा की, वाटेवर आडवे गेलेले माग आणि ते जनावर दिवसात सरासरी किती चालते हे दोन्ही कळले, तर त्या प्रदेशात अशी जनावरे किती असतील ह्याचा अदमास बांधता येतो. फिनलंडमध्ये हे माग मोजतात कोण? तेथले शिकारी! स्वखुशीने, विनामोबदला. त्यांच्या नोंदीवर तेथले शास्त्रज्ञ विसंबतात. दक्षिण आफ्रिकेत लुई लीबेनबर्ग यांनी कलहारीतल्या सान लोकांबरोबर राहून १९९० साली पुस्तक लिहिले आणि शास्त्रीय विचाराचा उगमच माग काढण्यात असावा, असे प्रतिपादिले. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. निरक्षर मागकऱ्यांना चित्रांवर बोट ठेवून नोंद करता येईल असे यंत्र त्यांनी सिद्ध केले आणि मागकऱ्यांच्या परीक्षा सुरू केल्या. रानात परीक्षा, रानात उत्तर आणि उत्तीर्ण झाल्यास प्रमाणपत्र. ज्याला अक्षर येत नाही त्याला पदवी देता येते. ती देण्याची इच्छा मात्र असावी लागते.

आणि आपण साहित्यिक वाचक? आपणही ह्यातून सुटत नाही. मारुती चितमपल्ली यांनी आयुष्यभर रानातल्या निरक्षर माणसांकडून शब्द वेचले आणि मराठीची ओटी भरली. आपण ते शब्द आवडीने वाचले, सत्कार केले, त्यांच्या निधनानंतर हळहळलोही. ज्यांच्या तोंडचे ते शब्द होते ती माणसे आपल्या गावाबाहेर पालात राहत होती. त्यांच्याविषयी मात्र आपण चौकीत विचारपूस झाली एवढेच ऐकून होतो. पुस्तकातला पारधी आपल्याला ज्ञानी वाटतो आणि पांदणीतला पारधी दिसताच आपण कोंबडी मोजतो. ह्या दुटप्पीपणाला रसिकता म्हणणे मला तरी जमत नाही.

मला काय हवे ते स्पष्ट सांगतो, म्हणजे हा केवळ त्रागा ठरू नये. पीकनुकसानीच्या पंचनाम्यात खाते-माणसांबरोबर एक परीक्षा दिलेला मागकरी असावा. त्याला त्या दिवसाची मजुरी मिळावी आणि पंचनाम्यावर त्याचा अंगठा वा सही असावी. पाहणी चौथ्या दिवशी नव्हे, दुसऱ्या सकाळी, ऊन चढण्यापूर्वी व्हावी. कारण धूळ कोणाची वाट पाहत नाही. नव्या वनरक्षकाने नोकरीचा पहिला हिवाळा अशा माणसाच्या मागे चालण्यात घालवावा. कारंज्याजवळचे कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य सुमारे अठरा चौरस किलोमीटरचे; तेवढ्या माळावर ही शाळा सहज भरेल. जवळून समृद्धी महामार्ग धावू लागला आहे; त्याच्याखालून जनावरे कोठून जातात आणि कोठे अडतात, हेही त्याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी रोज सकाळी पाहून सांगावे. आणि शिक्षक म्हणून जो येईल त्याला गाडीचा आवाज ऐकून नाल्याच्या अंगाने निघून जावे लागू नये. एवढेच. ह्यात खर्च थोडा आहे. अहंकार मात्र पुष्कळ सोडावा लागेल.

म्हातारा अजून आहे. त्याच्या पोरांना ही विद्या निम्मीशिम्मी येते. नातवांना येत नाही. नातू शाळेत जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. मीच त्यांच्या बापांना शाळेत ओढून आणले होते. पण शाळेत मी त्यांना जे शिकविले त्यात, तुझा आजा जे जाणतो तेही शिक्षणच आहे, हे एक वाक्य नव्हते. ते वाक्य मी त्यांना कधी सांगितले नाही, आणि त्या सकाळी पंचांनाही सांगितले नाही.

ह्या दिवाळीनंतर हरभरा पुन्हा पेरला जाईल आणि पौषात घाटे धरतील. रोही येतीलच. त्या सकाळी मी म्हाताऱ्याला घेऊन धुऱ्यावर उभा राहणार आहे आणि गाडीचा आवाज आला तरी त्याला जा म्हणणार नाही. पंचनाम्याच्या कागदावर त्याचा अंगठा घेण्यास पंचांनी नकार दिला, तर त्यांनी तो नकार लेखी द्यावा, एवढी मागणी मी करीन. माझे ते विद्वान मित्र तोवर पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची वाट पाहत असतील. त्यांना माझे निमंत्रण आहे: पहाटे या, पायांत जाड वहाणा घाला, आणि शेतात पाऊल टाकण्यापूर्वी म्हाताऱ्याला विचारा.